प्रेशर नॉर्मल आहे, मग काचबिंदूच्या एवढ्या तपासण्या कशाला?

रानवारा

चष्म्याचा नंबर बदललाय असं वाटत होतं म्हणून डोळे तपासून घेतले. नंबर तोच निघाला, पण थेंब घालून आत बघितल्यावर डॉक्टरांनी केसपेपरवर 'ग्लॉकोमा सस्पेक्ट', म्हणजे काचबिंदूचा संशय, असं लिहिलं. प्रेशर उजव्या डोळ्यात १६, डाव्यात १७. हे नॉर्मल आहे असंही तेच म्हणाले. मग संशय कसला, तर डाव्या डोळ्यातला 'कप' मोठा दिसतोय. उजवीकडे ०.४, डावीकडे ०.७.

आता पुढची यादी: पॅकिमेट्री, गोनिओस्कोपी, ओसीटी, फील्ड टेस्ट. शिवाय प्रेशर पुन्हा एकदा, वेगळ्या वेळी. माझं वय ४६. दिसण्याची काही तक्रार नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचते. मोठ्या आत्याची नजर म्हातारपणी गेली होती, पण कशाने ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. 'मोतीबिंदू पिकला' एवढंच ऐकलंय.

काचबिंदू म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढणं, असंच आजवर समजत आले. प्रेशरच वाढलेलं नाही तर बाकीच्या चार मशीनवर बसून काय कळणार? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा. गुगल करून घाबरणं उरकलेलं आहे, त्यामुळे तेवढं सोडून.

शंकासूर

दुखत नाही, खुपत नाही, दिसतंय व्यवस्थित, प्रेशर नॉर्मल. यात आजार कुठे आहे? मशीन आणलं की त्यावर बसवायला पेशंट लागतातच. दुसरीकडे दाखवा.

भिंगरी

वाचतेय. माझ्याही रिपोर्टवर हाच शब्द आहे.

कोनाडा

मी डॉक्टर नाही, पण या तपासण्या करण्याचंच काम करते, म्हणून लिहिते.

शंकासूर, दुसरं मत जरूर घ्यावं. पण 'दुखत नाही, दिसतंय' याला काचबिंदू नसल्याचा पुरावा धरू नका. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे कोन उघडा असलेल्या काचबिंदूत, ना दुखतं ना लाल होतं. तक्ता वाचताना आपण फक्त मधली नजर वापरतो आणि ती बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते. आधी जाते ती बाजूची. तीही एका डोळ्यात गेली तर दुसरा डोळा भरून काढतो, आणि उरलेली फट मेंदू आजूबाजूच्या दृश्याने बुजवतो. काळा डाग वगैरे दिसत नाही. म्हणून तर तपासून शोधावं लागतं.

रानवारा, आता तुमच्या 'नॉर्मल'चं. प्रेशर २१च्या आत असलं की नॉर्मल म्हणतात, ती रेषा कुठून आली ते बघा. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचं प्रेशर मोजलं तर सरासरी १५-१६ येते, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. तिथून दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वर गेलं की २१च्या आसपास पोचतो. एवढीच त्या रेषेची कुळकथा. रेषेखाली नस (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी ऑप्टिक नर्व्ह) सुरक्षित आणि वर धोक्यात, असं डोळ्याने कुणाला लिहून दिलेलं नाही. प्रेशर कायम २१च्या आत असूनही नस झिजते अशी माणसं भरपूर आहेत आणि २५ घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत नस असलेलीही आहेत. काचबिंदू हा ऑप्टिक नर्व्हचा आजार आहे. प्रेशर हा त्यातला सगळ्यात मोठा धोका, आणि ज्याच्यावर आपला ताबा चालतो असा जवळजवळ एकमेव धोका, म्हणून त्याचं नाव जास्त ऐकू येतं.

तुमच्या बाबतीत घंटा वाजली ती नसेकडे बघून. नस जिथून डोळ्याबाहेर पडते ती गोल चकती म्हणजे डिस्क. तिच्या मधला फिकट खोलगट भाग म्हणजे कप आणि भोवतालची गुलाबी कडा म्हणजे खरे तंतू, साधारण १० ते १२ लाख. तंतू मेले की कडा पातळ होते आणि कप रुंदावतो. ०.७ म्हणजे कपचा उभा व्यास चकतीच्या व्यासाच्या ०.७ पट. नुसता हा आकडा वाईट नाही, कारण मुळात डिस्क मोठी असेल तर कपही जन्मापासून मोठाच असतो. पण दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असला की खटकतं, आणि तुमच्यात ०.३ आहे. दोन्ही डिस्कचा आकार सारखा असेल तर जास्तच.

अनुभवी डॉक्टर आकड्यापेक्षा कडा बघतात. निरोगी डोळ्यात ती सहसा खाली सगळ्यात जाड, मग वर, मग नाकाकडे आणि कानाकडे सगळ्यात पातळ. खालच्या किंवा वरच्या बाजूला खाच पडलेली दिसली, किंवा कडेवर बारीक रेघेसारखा रक्तस्राव दिसला, तर प्रेशर १४ असलं तरी विषय गंभीर. तो रक्तस्राव काही आठवड्यांत विरून जातो, त्यामुळे त्या दिवशी बघणाऱ्याने नीट बघितलं तरच सापडतो.

बिनचष्मी

कोनाडा, उत्तम प्रतिसाद. मला विचारायचंय की माझं लॅसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालेलं आहे. तेव्हापासून प्रेशर ११-१२ येतं. त्याआधी १६-१७ असायचं. हे चांगलंच ना?

कोनाडा

नाही हो. तुमचं प्रेशर बहुधा उतरलेलं नाही, मोजमाप उतरलंय. पॅकिमेट्रीत डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजतात, ती का याचं उत्तरही यातच आहे.

प्रेशर मोजायचं गोल्डमनचं उपकरण आजही प्रमाण मानतात. हान्स गोल्डमन बर्नमध्ये होते, १९५०च्या दशकातलं त्यांचं काम. सुन्न करणारा थेंब, पिवळा रंग, निळा प्रकाश, आणि एक छोटा शंकू पारपटलाला टेकवतात. पारपटल म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो त्यावरून आतलं प्रेशर काढायचं. तपासणाऱ्याला हिरवी दोन अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा. हे गणित पारपटलाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन धरून केलेलं आहे. पडदा त्याहून जाड असेल तर जोर जास्त लागतो आणि प्रेशर उगाच जास्त दिसतं. पातळ असेल तर कमी दिसतं. लॅसिकमध्ये पारपटल कोरून पातळ करतात आणि त्याचा ताठपणाही बदलतो, म्हणून तुमचे ११ हे खरे ११ नसतील. डोळे दाखवाल तिथे लॅसिक झाल्याचं आवर्जून सांगा. जुने कागद असतील तर शस्त्रक्रियेआधीची जाडी आणि प्रेशर दाखवा.

अमुक मायक्रॉनला अमुक प्रेशर वाढवा-घटवा अशी कोष्टकं फिरतात. त्यावरून स्वतः हिशोब करत बसू नका, प्रत्येक डोळ्याला ती लागू पडत नाहीत. जाडी वाचायची ती पातळ, मध्यम की जाड एवढ्यापुरती.

पाणकावळा

अवांतर: तो हवेचा फुसकारा मारणारा प्रकार खोटा असतो का? मी दरवेळी दचकतो आणि दरवेळी आकडा वेगळा.

कोनाडा

खोटा नाही. चाळणी म्हणून चांगला, डोळ्याला हातही लावावा लागत नाही. पण डोळ्यातलं प्रेशर हृदयाच्या ठोक्याबरोबर खालीवर होत असतं आणि फुसकारा क्षणभराचाच, म्हणून तीन-चार वेळा मारून सरासरी घेतात. जास्त आला तर गोल्डमनवर खात्री करतात. आणि दचकण्याचं म्हणाल तर डोळे घट्ट आवळणं, श्वास रोखणं, गळ्याशी घट्ट कॉलर, यातल्या प्रत्येकाने प्रेशर वाढलेलं येतं. गोल्डमनवरसुद्धा.

वेगळ्या वेळी पुन्हा का, हे रानवारांनी विचारलेलं राहिलं. प्रेशर दिवसभरात बदलतं. पुष्कळ लोकांत पहाटे-सकाळी जास्त असतं, आडवं झालं की वाढतं. काचबिंदूत ही चढउतार निरोगी डोळ्यापेक्षा मोठी असते. संध्याकाळी पाचला १७ भरलं म्हणजे पहाटेही १७च होतं असं नाही.

भिंगरी

गोनिओस्कोपीबद्दल कुणी लिहील का? डोळ्यावर भिंग 'टेकवतात' म्हणे. मला तर थेंब घालतानाही डोळा मिटतो.

मधलीसुट्टी

भिंगरीताई, माझी झाली आहे. सुन्न करणारा थेंब घालतात, चरचरतो तो तेवढाच. मग आरसे बसवलेलं भिंग डोळ्यावर येतं. दुखत नाही, पण पापणी अडवली गेल्यासारखं वाटतं आणि घाम फुटतो तो आपल्या कल्पनेनेच. खोली अंधारी करतात. 'समोर बघा, वर बघा' आणि झालं. मला नंतर कळलं की माझा कोन अरुंद आहे आणि म्हणूनच डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब त्याआधी घातले नव्हते.

कोनाडा

मधलीसुट्टी यांनी बरोबर नेमकं लिहिलंय. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि पारपटल व रंगीत पडदा जिथे भेटतात त्या कोनातल्या जाळीतून बाहेर जातं. मोरी तुंबली असेल तर ती आतून गाळाने तुंबली की तोंडावर काही येऊन बसलंय, हे वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. तसंच हे. जाळी दिसतेय पण नीट झिरपत नाही तो उघड्या कोनाचा काचबिंदू, आणि रंगीत पडदाच जाळीवर येऊन बसला तो बंद कोनाचा. दोघांचे उपचार वेगळे.

आरसा का लागतो, तर कोनातून येणारा प्रकाश पारपटलातून बाहेर पडतच नाही, आतल्या आतच परत फिरतो. साध्या सूक्ष्मदर्शकाने समोरून कितीही बघा, कोन दिसणार नाही. भिंग टेकवलं की ती अडचण जाते. अंधार यासाठी की उजेडात बाहुली आकसते आणि अरुंद कोनही उघडा दिसतो. काही भिंगांनी हलकंच दाबूनही बघतात. दाबल्यावर कोन उघडला तर पडदा नुसता टेकलेला आहे, नाही उघडला तर चिकटलेला.

माझं मत विचाराल तर, ओसीटीचा रंगीत कागद सगळे मागतात पण गोनिओस्कोपी झाली का हे कुणी विचारत नाही. कागद निघत नाही ना तिचा. 'कोन उघडा आहे' हे बघून सांगितलंय की गृहीत धरलंय, एवढं नक्की विचारा.

आणि एक, हे मात्र थांबायचं नाही: एका डोळ्यात अचानक जबर दुखणं, लाली, धुरकट दिसणं, दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी, मळमळ, उलटी. हा कोन एकदम बंद झाल्याचा झटका असू शकतो. लोक पित्त आणि डोकेदुखी समजून गोळी घेऊन झोपतात. तासातासाला नसेचं नुकसान होत असतं, त्याच वेळी नेत्रविभाग गाठावा.

शंकासूर

बरं. पण मग अरुंद कोन दिसला की लगेच लेझर, कप मोठा दिसला की जन्मभर थेंब, हे होतंच ना? मी वाचलंय की प्रेशर जास्त असलेल्या बहुतेकांना काचबिंदू होतच नाही.

कोनाडा

इथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्रेशर २४ ते ३२, पण नस आणि फील्ड (मधल्यासकट बाजूच्या नजरेचा पसारा) निरोगी, अशी १,६३६ माणसं. निम्म्यांना प्रेशर उतरवणारे थेंब दिले, निम्म्यांना नाही. पाच वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला. धोका निम्म्याहून कमी झाला हे खरं, आणि काहीही न करता ९० टक्के लोक ठीक राहिले हेही खरं. पारपटलाची जाडी किती महत्त्वाची ते त्याच अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. पातळ पारपटल, मोठा कप, जास्त वय यांच्यात धोका जास्त.

अरुंद कोनाचंही तसंच. चीनमधल्या ग्वांगझूत ८८९ जणांच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षं पाहिलं. २०१९मध्ये निष्कर्ष आले. लेझरने धोका कमी झाला, पण न केलेल्या डोळ्यांतही त्रास इतका कमी होता की नुसता कोन अरुंद आहे म्हणून सरसकट सगळ्यांना लेझर करू नये असं त्यांनी म्हटलं.

म्हणजे तुमचा मुद्दा आहे उपचार कधी सुरू करायचे याचा. पण उपचार टाळायचे असतील तरी कुणाला टाळता येतील हे याच तपासण्यांवरून ठरणार!

चकवा

माझा नंबर उणे ९. ओसीटीच्या कागदावर लाल रंग बघून रात्रभर झोप नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, तुमच्यात हे असं येतंच. लाल म्हणजे धोका, मग शांत कसे?

कोनाडा

ओसीटी प्रकाश वापरून नसेच्या तंतूंच्या थराची जाडी काही मायक्रॉनच्या अचूकतेने मोजतं. मग ती जाडी यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या मापांशी ताडतं. तुमच्या वयाच्या निरोगी लोकांत १ टक्क्याहून कमी जणांत इतकी पातळ जाडी सापडते, एवढाच लाल रंगाचा अर्थ. पण त्या निरोगी लोकांत उणे ९ नंबरवाले नसतातच म्हटलं तरी चालेल. जास्त मायनस नंबरच्या डोळ्याची लांबी जास्त, थर ताणलेला, तंतूंच्या जाड पट्ट्या कानाकडे सरकलेल्या. त्यामुळे यंत्राला जिथे जाड अपेक्षित तिथे पातळ सापडतं आणि कागद लाल होतो. उलटही होतं. कागद सगळा हिरवा आणि कडेला बारीक खाच, जी सरासरीत बुडून गेलेली.

तरीही निर्धास्त राहू नका, कारण जास्त मायनस नंबर हा स्वतःच काचबिंदूचा धोका आहे. तुमची तुलना तुमच्याच जुन्या मापाशी व्हायला हवी. आणि ती त्याच कंपनीच्या यंत्रावर. एका कंपनीचे ८५ मायक्रॉन आणि दुसरीचे ८५ सारखे नसतात. रिपोर्टवर सिग्नलची ताकद लिहिलेली असते, ती कमी असेल, मोतीबिंदूमुळे किंवा कोरड्या डोळ्यामुळे, तर जाडी खोटीच कमी येते. आजार फार पुढे गेला की मात्र ओसीटी मुकं होतं. थर ५० मायक्रॉनच्या आसपास येऊन थांबतो, त्याखाली मोजण्यासारखं काही उरत नाही. तिथून पुढे भिस्त फील्डवर.

पाणकावळा

फील्ड! त्या वाडग्यात डोकं घालून पिवळ्या दिव्याकडे बघत बसायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला तर अर्धा वेळ काही दिसतच नव्हतं. आंधळा झालो असं वाटून शेवटी शेवटी अंदाजाने बटण दाबत सुटलो.

मधलीसुट्टी

सेम! आणि मला त्यात झोप येते.

कोनाडा

पाणकावळा, अर्धा वेळ दिसलं नाही हे बरोबर झालं. यंत्राचं कामच ते आहे. एका जागी ठिपका दाखवायचा, दिसला की अंधुक करायचा, दिसेनासा झाला की किंचित उजळ करायचा, असं करत त्या जागेचा उंबरठा शोधायचा. म्हणजे निरोगी डोळ्यालाही जवळपास निम्मे ठिपके दिसणार नाहीत. हे पेशंटला आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते, पण घाईत सांगायचं राहतं.

अंदाजाने दाबत सुटलात ते मात्र नको. यंत्र मधूनच ठिपका न दाखवता थांबतं, तेव्हा दाबलंत की खोटा होकार म्हणून नोंद. प्रत्येक डोळ्यात नैसर्गिक अंध जागा असते, मध्यापासून कानाकडे साधारण १५ अंशांवर, जिथून नस बाहेर पडते. यंत्र तिथेही ठिपका टाकतं. तो दिसला म्हणजे तुमची नजर पिवळ्या दिव्यावरून हलली. हे सगळं रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. आधी ते वाचायचं, मग खालचा करडा नकाशा. खोटे होकार जास्त असले की नकाशावर अशक्य वाटावेत असे पांढरेफेक पट्टे येतात.

'२४-२' नावाच्या नेहमीच्या फील्ड तपासणीत ५४ जागा बघतात. पहिलं फील्ड बहुतेकांचं वाईट येतं, दुसऱ्यात सुधारतं. नजर सुधारलेली नसते, खेळ कळलेला असतो. म्हणून पहिल्याच फील्डवर कुणी काचबिंदूचं निदान करू नये. टिपा हव्यात तर: डोळे मिचकावायला बंदी नाही, बटण दाबतानाच मिचकवा. थकलात तर बटण दाबून धरा, बऱ्याच यंत्रांवर तपासणी थांबते, सोडलं की पुढे सुरू. पापणी लोंबत असेल तर सांगा, चिकटपट्टी लावून वर धरतात, नाहीतर वरचं फील्ड विनाकारण काळं येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नसेचे तंतू दृष्टिपटलावर कमानीसारखे वळून येतात आणि वरचे-खालचे तंतू मधली आडवी रेषा ओलांडत नाहीत. म्हणून काचबिंदूतलं नुकसान त्या रेषेशी येऊन कापल्यासारखं थांबतं. विखुरलेले काळे ठिपके म्हणजे बहुतेकदा थकवा. शिवाय डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे खालची कडा झिजली तर फील्ड वरचं जायला हवं. डॉक्टर हाच मेळ शोधतात: डिस्कवर खाली खाच, ओसीटीत खालचा थर पातळ, फील्डमध्ये वर कमान. तिघं एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर निदान जवळपास पक्कं, मग प्रेशर १६ का असेना. तिघं तीन दिशांना बोलत असतील तर थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. सुरुवातीला ओसीटी बोलतं आणि फील्ड गप्प असतं हेही लक्षात ठेवा. तंतूंचा बराच हिस्सा गेल्याशिवाय फील्डमध्ये दिसत नाही.

रानवारा

सगळ्यांना धन्यवाद. तपासण्या झाल्या. कोन दोन्ही डोळ्यांत उघडे (बघून सांगितलं, मी विचारलं!). पारपटल ५०५ आणि ५०८, म्हणजे पातळच. सकाळी प्रेशर १९ आणि २१. ओसीटीत डावीकडे खालचा भाग पिवळ्यात, म्हणजे हिरव्या आणि लालच्या मधे. फील्ड डाव्या डोळ्यात वर नाकाच्या बाजूला दोन-तीन जागा संशयास्पद, पण नजर हलल्याची नोंद जास्त आली, म्हणून ते पुन्हा करायचंय. थेंब आत्ताच नाहीत. दुसरं फील्ड तसंच आलं तर सुरू करू म्हणाले.

शंकासूर

खालचा भाग आणि वरचं फील्ड, मेळ बसतोय की. फील्ड लवकर करून घ्या. टाळू नका.

भिंगरी

शंकासूर आणि तपासणीचा आग्रह! धागा सार्थकी लागला.

कोनाडा

रानवारा, फील्ड सकाळी ताजंतवानं असताना करा, आणि बाहुली मोठी करण्याआधी. सगळ्या रिपोर्टच्या मूळ प्रती स्वतःकडे ठेवा, डिस्कचा फोटो काढला असेल तर तोही. पाच वर्षांनी कुठेही गेलात तरी तुलना करायला हेच लागणार.

घरी भाऊ-बहीण आहेत का? आत्याचं निदान कळत नाही ते सोडा. तुमचं पक्कं झालं तर सख्ख्या भावंडांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त धरतात. त्यांनी नुसतं प्रेशर मोजून परत येऊ नये, नस बघून घ्यावी.

रानवारा

एक भाऊ आहे, ४१चा. त्याला डोळ्यांच्या ॲलर्जीसाठी एक थेंब मिळाला होता, तो खाज सुटली की आपला आपणच आणून घालत असतो. त्याचा काही संबंध?

कोनाडा

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा शेवटी 'सोलोन', 'सोन' असं काही लिहिलंय का ते आज बघायला सांगा. ते स्टेरॉइड. काहींच्या डोळ्यांत त्याने काही आठवड्यांत प्रेशर चढतं, आणि खाज थांबते म्हणून माणूस खूश असतो. काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात असं होण्याची शक्यता जास्त. थेंब कोणता, किती दिवसांपासून, हे लिहून त्याला याच आठवड्यात दाखवायला पाठवा. बाटली सोबत न्यायला सांगा.